सव्वीस घरांपलीकडच्या सावंतबाई

सावंतबाई प्रोग्राम पडद्यावर कधीच वाचत नसत. कागदावर छापून घ्यायच्या, लाकडी फूटपट्टी ओळीखाली धरायच्या आणि एकेक ओळ खाली सरकायच्या. अंधेरीच्या ऑफिसात मी नवा होतो, सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकून आलेला. ती पट्टी बघून मला हसू आवरेना. "हस, हस. तुझं सी पण याच पट्टीने मोजणार आहे," त्या म्हणाल्या.

आमचं काम एका विमा कंपनीच्या मेनफ्रेमवर, म्हणजे लाखो लोकांची कामं एकट्याने उरकणाऱ्या मोठ्या संगणकावर चालायचं. त्यावर नावांची अक्षरक्रमाने यादी लावणारा प्रोग्राम बाईंनी तरुणपणी असेंब्लीत, म्हणजे यंत्राला एकेक पाऊल सांगणाऱ्या जुन्या भाषेत लिहिला होता. वेगाला तोड नव्हती, पण त्यांच्याखेरीज तो कुणालाच वाचता येत नसे, आणि बाई महिन्याभरात निवृत्त होणार होत्या. म्हणून तोच मी सीमध्ये लिहायचा, असं ठरलं. शुक्रवारी साहेबांसमोर चाचणी होती. जमली तर माझी नोकरी पक्की, फसली तर बाईंचाच प्रोग्राम चालू राहणार.

"तुझ्या सीला काम सांगून मोकळं होता येतं," त्या म्हणायच्या. "असेंब्लीत यंत्राचं बोट धरून चालावं लागतं. बोट सुटलं की वाट लागली!"

गुरुवारी त्यांनी माझी यादी मागितली. चाचणीसाठी मी ऑफिसातल्यांचीच नावं घातली होती. पट्टी तळाशी येऊन थांबली.

"मेल्या, माझां नाव खंय गेलां?" बाई थेट मालवणीत शिरल्या. "अजून महिना आहे ना रे मला!"

सावंत नव्हत्या, शेख नव्हते, वाघमारेही नव्हते. संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांकाचं एक घर असतं. इंग्रजी अक्षरं सव्वीस, म्हणून मी 'ए'पासून सलग सव्वीस घरं मोजली होती. मेनफ्रेमवर मात्र अक्षरांच्या मधे रिकामी घरं असतात. माझी सव्वीस 'आर'वरच संपली आणि 'एस'पासून पुढची नावं गळाली. बाईंनी असेंब्लीत एकेका अक्षराला आपल्या हाताने घर दिलेलं, त्यांना ते तोंडपाठ होतं.

"मॅडम, गप्प राहिला असतात तर तुमचा प्रोग्राम वाचला असता," मी म्हणालो.

"आणि मी गेल्यावर तो वाचणार कोण, तू? तुझा तरी धड असू दे. बस, दुरुस्त कर."

शुक्रवारी चाचणी झकास झाली. सगळ्यांत जोरात टाळ्या बाईंनी वाजवल्या.

चाचणीच्या यादीतून त्यांचं नाव मी आजवर काढलेलं नाही. नवा प्रोग्राम चालवला की आधी सावंत शोधतो, मगच चहाला उठतो. कधी बोरिवलीहून त्यांचा फोन येतो.

"काय रे, मी आहे ना अजून?"

"आहात, मॅडम."