चपला बाहेर काढाव्यात

प्रिय मीरा आणि आरुष,

मी साताऱ्याहून तारापूरला निघाले तेव्हा एसटीच्या खिडकीशी येऊन माझी आई म्हणाली होती, "परक्या गावात जपून राहा गं." तुमच्या आजोबांना इथल्या वीजकेंद्रात नोकरी लागली होती. खारा वारा, सुक्या मासळीचा वास, शेजारणींचं 'आमी' आणि 'नाय', सगळंच परकं वाटायचं. पण क्वार्टरची किल्ली आम्ही पोचण्याआधी तयार होती. तुम्हाला मात्र मी व्हिडिओ कॉलवर सांगत आले की आम्ही शून्यातून संसार उभा केला. हल्ली ते वाक्य मी टाळते.

बोईसरच्या वाचनालयात मी दिवसा देखरेखीला बसते, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिथे सुनंदा येते. जव्हारकडच्या डोंगरातली, बारावीची. तिची आई बांधकामावर विटा वाहते. काम संपलं तशी साइटवरची खोली गेली आणि दोघी बेटेगावच्या रस्त्याकडेला ताडपत्रीखाली राहू लागल्या. तिथे ना दिवा, ना नळ. म्हणून ती आमच्याकडे पंख्याखाली अभ्यास करायची, बाटल्या भरून न्यायची. पुस्तकंही आमच्याच कपाटात ठेवायची.

चपला मात्र ती पिशवीत घालून आत आणायची. मला ते खपेना. सगळ्यांच्या चपला दाराबाहेर, तशा तुझ्याही, असं मी तिला बजावलं. "जवळ ठेवते ना आजी, कोनाला दिसनार नाय," ती म्हणाली. मी ऐकलं नाही. दुपारी निघताना पाहिलं तर तिच्या चपला गेलेल्या.

"झोपताना पन उशाला घेतो आमी," ती म्हणाली. रागावून नव्हे, समजावून सांगावं तसं. "आमाला दार नाय ना." मी माझ्या चपला पुढे केल्या. मग तुमी कशा जाल, असं विचारून ती तापलेल्या डांबरावरून अनवाणीच गेली.

त्यानंतर ती येईना. परीक्षा तोंडावर आणि पुस्तकं आमच्या कपाटात. मी रिक्षा करून बेटेगावला गेले. ताडपत्री नव्हती. चहाच्या टपरीवरचा माणूस म्हणाला, "उनको यहाँ से हटा दिया, मौसी. किधर गये, मालूम नहीं."

परवा ती आली, आईच्या चपला घालून. आईचं विचारलं तर म्हणाली, "ती आज कामाला नाय गेली. एकच जोड हाय." मी बाजारातून चपला आणून दिल्या. तिनं घेतल्या.

'चपला बाहेर काढाव्यात' ही दारावरची पाटी मी काढून टाकली. आता पिशवी, गाठोडं, चपला, ज्याला जे जवळ हवं ते आत येतं. एका सभासदानं विचारलं, वाचनालय आहे की धर्मशाळा? पूर्वी हे मीच म्हटलं असतं.

पण वाचनालय संध्याकाळी बंद होतं. सुनंदा पुस्तकं कपाटात ठेवून जाते, आणि कुठे जाते ते मी विचारत नाही. आजोबांच्या मागे मी या फ्लॅटमध्ये एकटी. तुमची खोली रोज झाडते, चादर बदलते, दार लावून घेते. माझ्यासाठी घर म्हणजे तीच, तुमची वाट पाहणारी खोली. परीक्षा संपेपर्यंत त्या दोघींना तिथे बोलवावं, असं मनात आहे. तुमची हरकत नाही ना, एवढं विचारायला हे पत्र लिहायला बसले.

तुम्ही हो म्हणाल, हे मला ठाऊक आहे. तरी विचारते आहे, कारण उत्तर येईपर्यंत मला ते दार बंद ठेवता येतं.