सिद्धलिंगचा छुपा कप्पा

आमच्या आळंदच्या बाजारात कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका तयार करून देणारा सिद्धलिंग म्हणजे संशयाचं गाठोडं! चहा गोड झाला तरी याला वाटणार, चहावाल्याचा काहीतरी डाव आहे. त्याच्या कॉम्प्युटरात हार्डडिस्कच नाही. मशीन चालवणारी लिनक्स प्रणाली, पत्रिका, सगळं एका पेनड्राइव्हमध्ये. आणि दुकान बंद केलं की तो पेनड्राइव्ह गळ्यात, इष्टलिंगाशेजारी, वेगळ्या दोऱ्यात. कारण काय, तर समोर पत्रिकांचंच दुकान असलेला सुगत आपल्या पत्रिकांची नक्षी चोरतो असा वहीम.

माझ्या नातीची, सुधारानीची पत्रिका त्या संध्याकाळी छापखान्यात जायची होती. दुपारी जाऊन बघतो तर हा काळ्या पडद्यासमोर घामाघूम. पडद्यावर इंग्रजीत एवढंच, की असा कप्पा, म्हणजे पार्टिशन, सापडत नाही. खाली ‘ग्रब रेस्क्यू’.

“कामून चालू होईना रे?”

“कुणीतरी हात लावलाय, अप्पा. परवा तुमीच बसला होता न्हवं हितं?”

घ्या! मला टीव्हीचा रिमोट सुलटा धरता येत नाही आणि वहीम माझ्यावर!

दुसऱ्या मशीनला लावून पाहिलं, तिथंही तेच. पेनड्राइव्ह कोरा करून लिनक्स नव्यानं घालावं तर नातीची पत्रिका जाणार. शेवटी मीच सुगतला हाक मारली. तो आला, पण सिद्धलिंग खुर्ची सोडेना.

“उठा की अण्णा, मी काय मशीन पळवून न्यायलोय?”

सुगतनं दोन अक्षरं टाइप केली. पेनड्राइव्हमधले कप्पे ओळीनं दिसले.

“ह्यो नवा कप्पा कुणी केला?”

सिद्धलिंगनं दाराबाहेर कुणी नाही ना ते पाहिलं. मग हळूच म्हणाला, “मीच. काल, घरच्या लॅपटॉपवर.”

“कशाला?”

“तुझ्यापासून पत्रिका लपवायला.”

सुगत पोट धरून हसला. “अण्णा, मशीन चालू झाली की आधी ग्रब उठतो, मग तो लिनक्सला उठवतो. तुमी मधीच नवा कप्पा घुसवला, लिनक्सच्या कप्प्याचा नंबर बदलला. ग्रब बिचारा जुन्याच दारात हाका मारायलाय!”

त्यानं ग्रबला नवा नंबर सांगितला. लिनक्स उठलं. परत असं होऊ नये म्हणून सुगतनं ग्रब पुन्हा नीट बसवून दिला. सुधारानीचं नाव पडद्यावर आलं, आणि मी भर दुकानात टाळी वाजवली.

“आता एक कॉपी दुसऱ्या कुणाकडं तरी ठिवा,” सुगत म्हणाला.

सिद्धलिंग विचारात पडला. बायको? ती भावाला सांगेल. भाऊ? तो गावाला सांगेल. शेवटी त्यानं दुसऱ्या पेनड्राइव्हवर कॉपी करून तो माझ्या हातात दिला.

“तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या, अप्पा. तुमाला उघडताच येत न्हाई.”

एवढा विश्वास माझ्यावर आजवर कुणी टाकला नव्हता! खुशीत पायरी उतरलो, तोच मागून आवाज आला, “अप्पा, तुमच्या घरी लॅपटॉप तर न्हाई न्हवं?”