कांताबाईच्या झोळीतलं लुगडं

महापालिकेच्या दवाखान्यात आयाची नोकरी करून जयाबाईंनी चेतनला इंजिनिअर केलं. आता तो आणि सून आम्रपाली, दोघंही कंपनीच्या बसनं हिंजवडीला जात. दापोडीची खोली सोडून वाकडच्या फ्लॅटवर जायची बांधाबांध चालली होती. त्या शनिवारी जयाबाई बँकेतून परतल्या, तर त्यांची लोखंडी पेटी रिकामी.

"आई, जुनेरं सगळी भांडेवालीला दिली," आम्रपाली हौसेनं म्हणाली. "बघा, केवढा डबा दिला तिनं!"

"त्यात पांढरं लुगडं होतं."

"ते विरलेलं? हो, तेही…" सासूचा चेहरा पाहून आम्रपालीनं हातातला डबा खाली ठेवला.

जयाबाईंची आई वऱ्हाडातली. जन्मभर तिनं लोकांनी उतरून दिलेलंच नेसलं. छप्पन साली दीक्षेला नागपूरला जायचं म्हणून तिनं मजुरीतून ते लुगडं घेतलं. अंगाला लागलेलं पहिलं कोरं कापड. आणि आज तेच जुनेरात जावं! जयाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण सुनेला बोलून काय उपयोग? तिला कुणी कधी सांगितलं होतं?

उद्या रविवार. जुना बाजार भरला की लुगडं गेलंच. नाहीतर टराटरा फाडून गॅरेजची फडकी. जयाबाईंनी पायात चपला अडकवल्या आणि रुळांपलीकडची पत्र्याची वस्ती गाठली. मागून डबा घेऊन आम्रपाली धावत आली.

कांताबाई भांडेवाली दारातच कपडे निवडत बसली होती. ढिगात पांढरं काही दिसेना. "त्यातलं पांढरं लुगडं कुठाय?" जयाबाईंनी विचारलं.

"पांढरं व्हय? ते हाय की," म्हणत कांताबाईनं आत बोट दाखवलं.

लुगड्याची झोळी बांधलेली, आणि झोळीत तान्हं बाळ. "लेकीची पोर. कापड मऊ लागलं, म्हून घरातच ठेवलं."

आम्रपालीनं घाईनं डबा पुढे केला. "हा घ्या परत, आणि ते द्या." कांताबाईचं तोंड उतरलं. तरी निमूटपणे ती गाठ सोडायला उठली.

"थांब. पोर झोपलीय," जयाबाई म्हणाल्या, आणि तशाच बाजाराकडे चालू लागल्या. आल्या तेव्हा हातात कोरं सुती पातळ होतं.

"आधी हे बांध. मग ते सोड."

"अवं, नवं कशापायी? आमच्या पोरीला जुनं चालतंय."

"नाही चालत!" जयाबाई इतक्या जोरात बोलल्या की आम्रपाली दचकली. "माझ्या आईलाही चालत नव्हतं. तिला कुणी विचारलंच नाही."