एक जूनची माणसं

आमच्या धंद्यात एक वाक्य आहे, ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. "आमच्या साइडने ओके आहे." दोन कंप्युटरांमधली माहिती वाटेत कुठेतरी हरवते, दोन्हीकडची माणसं फोनवर येतात आणि दोघंही हेच म्हणतात. मग हरवलेलं शोधायला मला बसवतात. एका वेबसाइटचं म्हणणं दुसरीच्या गळी उतरवायचं, हे काम मी बरीच वर्षं करते आहे.

करते घरून. लालबागची आमची चाळ पाडून टॉवर झाला, त्यात चौदाव्या मजल्यावर आम्हाला जागा मिळाली. आम्हाला म्हणजे आईला आणि मला. दोन वर्षांपूर्वी आई गेली. चाळीत तासभर दार लावलं तर शेजारी येऊन विचारायचे, बरं नाही का म्हणून. इथे आठवडाभर लावलं तरी कुणी विचारणार नाही. मीटिंगा सोडल्या तर दिवसात माझ्या तोंडून एकच शब्द निघतो, लिफ्टमध्ये: "चौदा." एकटं वाटतं का असं कुणी विचारलंच तर मी "छे" म्हणेन, आणि ते साफ खोटं असेल.

त्या बुधवारी सकाळी परळच्या एका हॉस्पिटलातून फोन आला. त्यांच्या वेबसाइटला बाहेरच्या लॅबचे रिपोर्ट जोडून देण्याचं काम मीच केलं होतं. रिपोर्टच्या खिडकीवरच्या बाई जाम वैतागलेल्या होत्या.

"अहो, एक आजी तिसऱ्यांदा आल्यात. छातीत गाठ आहे, तिचा तुकडा तपासायला दिलाय. लॅब म्हणते पाठवला, आमच्याकडे दिसत नाही. रिपोर्टशिवाय डॉक्टर काही बोलायला तयार नाहीत आणि आजी बाकावरून उठायला तयार नाहीत."

मी लॅबच्या माणसाला गाठलं. "मॅडम, आमच्या साइडने ओके आहे," तो म्हणाला. "तुमच्या सिस्टीमची पोचसुद्धा आलीय."

पोच आली म्हणजे रिपोर्ट आमच्याकडे आला होता. मग गेला कुठे? घरी बसूनही शोधता आलं असतं. पण मी लॅपटॉप उचलला आणि चालत परळला निघाले. कुणीतरी कुठेतरी माझी वाट बघत बसलं आहे, याचंच मला बरं वाटत होतं.

आजी सत्तरीच्या पुढच्या. फाइलची पिशवी छातीशी धरून बसलेल्या. बरोबर कुणी नाही. लॅपटॉप लावायला प्लग त्यांच्याच बाकाशेजारी होता, म्हणून मी तिथे टेकले.

"तूच काय गो ती कंप्युटरवाली?"

"हो."

"म्हणजे माझा रिपोर्ट तू हरवलास."

"हरवला नाहीये आजी, सापडत नाहीये."

"ते वेगळं असतं काय?"

मी लॅपटॉप उघडून शोधायला लागले. लॅबकडून रिपोर्ट आला की आमची सिस्टीम तीन गोष्टी पडताळते: हॉस्पिटलने दिलेला नंबर, नाव आणि जन्मतारीख. तिन्ही जुळल्या तर रिपोर्ट पेशंटच्या नावावर चढतो, नाहीतर 'न जुळलेले' नावाच्या एका कप्प्यात जातो. हा कप्पा मी केला आणि तो रोज कुणी उघडून बघायचा, हे ठरवायला विसरले. वर माझा शहाणपणा असा की पोच मी दारातच देऊन टाकत होते. काही आलं की लगेच 'मिळालं', आत काय आहे ते मागाहून बघायचं. त्यामुळे लॅब निश्चिंत, हॉस्पिटलला पत्ता नाही आणि आजी बाकावर.

रिपोर्ट त्या कप्प्यातच होता, बारा दिवस. नंबर बरोबर, नाव बरोबर. जन्मतारीख मात्र हॉस्पिटलात एक जून आणि लॅबकडे ऑगस्टमधली भलतीच.

एक जून बघूनच मी कपाळावर हात मारला. त्या पिढीत कितीतरी माणसं एक जूनला जन्मलेली आहेत. शाळेत नाव घालायला नेलं की मास्तर पोराकडे बघून वय ठरवायचे आणि तारीख एक जून ठोकून द्यायचे, म्हणजे शाळा उघडताना वय बरोबर बसतं. माझ्या आईचीही कागदोपत्री तीच. हे माहीत असून नियम लिहिताना मला आठवलं नाही.

"आजी, तुमची खरी जन्मतारीख कुठली?"

"एक जून मास्तरांची. मामानं गावच्या शाळेत घातलं, मी कधी झाले ते त्याला काय माहीत? खरी माझ्या बाबांनी लिहून ठेवलेली. गिरणीत हजेरी लिहायची डायरी होती ना, तिच्यात."

"मग इथे एक सांगितलीत आणि लॅबमध्ये दुसरी?"

"इथे सांगितली कुठे? आधार कार्ड बघून लिवली ह्यांनी. लॅबमध्ये तुकडा काढायच्या आधी तिथल्या मुलीनं तोंडी विचारलं. मी घाबरलेली, तर माझा हात धरला तिनं. म्हणाली, आजी, वाढदिवस कधी असतो तुमचा? असं कोणी विचारून किती वर्सं झाली. मग खरी सांगितली." मग आवाज खाली गेला. "चुकलंच माझं."

"तुमचं नाही चुकलं. माझं चुकलं," मी म्हणाले. ते आधीच म्हणायला हवं होतं.

खिडकीवरच्या बाईंनी फाइल पडताळली आणि नमुना ह्याच आजींचा आहे ना, याची खात्री करायला लॅबला सांगितलं. लॅबवाले उलट फोन करेपर्यंत आम्ही दोघी बाकावर बसून होतो आणि मला आई आठवली. एका एक जूनला तिच्या फोनवर बँकेचा शुभेच्छांचा मेसेज आला होता. ती हसत म्हणाली, "मेल्यांना काय माहीत, माझी खरी तारीख तर..." आणि पुढे तिने ती सांगितलीसुद्धा. मी काम करत होते. स्क्रीनवरून नजर न काढता मी "हं" म्हणाले. तिला वाटलं, मी ऐकलं. आता कितीही डोकं खाजवलं तरी ती तारीख आठवत नाही, आणि विचारायला कुणी उरलं नाही. बँकेचा मेसेज अजून येतो.

लॅबचा फोन आला, नमुना आजींचाच होता. मी रिपोर्ट आजींच्या नावाला जोडला. वाचला नाही, तो माझा हक्क नव्हता. कप्प्यात आणखीही रिपोर्ट होते, बहुतेक एक जूनवाल्यांचेच. तेही बाईंबरोबर बसून त्याच दिवशी मार्गी लावायचे ठरले. पण त्याआधी आजींनी माझं मनगट धरलं.

"तू पण चल आत. मला एकटीनं नाय ऐकायचं."

डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला. "आजी, गाठ साधी आहे," ते म्हणाले. "कॅन्सर नाही. सहा महिन्यांनी दाखवून जा."

बाहेर आल्यावर आजींनी पिशवीतून बटणांचा जुना फोन काढला. नावं खाली नेली, वर आणली, परत खाली नेली. एकाही नावावर अंगठा थांबला नाही. फोन परत पिशवीत गेला. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"बाय, माझा रिपोर्ट आला," त्या म्हणाल्या. "गाठ साधी आहे. कॅन्सर नाय."

मी त्यांच्या शेजारी बसून ते आत्ताच ऐकलं होतं. मी लॅपटॉप बाकावर ठेवला आणि त्यांचे दोन्ही हात धरले.

"हो? काय सांगता!" मी म्हणाले. "काय काय म्हणाले डॉक्टर?"

आणि आजी पहिल्यापासून सांगायला लागल्या.