चिखलातली मैफल आणि वहिनींचा तंबोरा

धंतोलीच्या दवाखान्यातून दादाचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. "विलास, गेली गा तुझी वहिनी," एवढंच तो बोलला... अर्ध्या गालाला साबण तसाच, आणि मी फोन कानाला धरून उभा. त्याला आता महिना होत आला. भेटायला येणारे कुंदावहिनींच्या हातच्या चवीबद्दल बोलतात, त्यांनी काय काय सोसलं ते बोलतात. मला मात्र मागच्या हिवाळ्यातली ती चिखलातली सकाळच सांगावीशी वाटते.

वहिनी पारशिवनीकडच्या शेतकरी घरातल्या. लग्न होऊन आल्या त्या तंबोरा घेऊनच. दादाची कळमन्याच्या बाजारात धान्याची अडत, गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नाही. पण बायको गाते हे तो पोत्यांच्या थप्पीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. मग वहिनींच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला, उरली नुसती कुजबुज. त्यांनी तंबोऱ्यावर गवसणी चढवली, तो कपाटाआड उभा केला आणि पुन्हा कधी मैफलीला गेल्या नाहीत. गाण्याचा विषय काढायची घरात कोणाची छाती नव्हती. फक्त आमच्यापैकी कोणी बेसूर गुणगुणलं, की स्वयंपाकघरातून पातेल्यावर चमचा आपटल्याचा आवाज यायचा. कान शाबूत होते ना!

अशा वहिनी त्या हिवाळ्यात आपणहून म्हणाल्या, जायचं. मैदानावरच्या संगीत महोत्सवात, सकाळच्या सत्रात, त्यांच्या आवडत्या एक वयस्क गायिका येणार होत्या. आम्ही पोचलो तर अवकाळी पावसाने मैदानाचा पार राडा केलेला. काळी माती ती, चप्पल आत गेली की हातानेच उपसावी लागे. अर्धे लोक परत फिरले. शॉक लागेल म्हणून वीज बंद केली, माईक गेला, आणि संयोजक कार्यक्रम रद्द झाल्याचं हात जोडून सांगू लागले. मी तर मनातल्या मनात त्यांना शिव्याच घातल्या. इतक्या वर्षांनी ही बाई घराबाहेर पडली आणि तुमचं हे असं!

तेवढ्यात त्या गायिकाच मंचाच्या कडेला आल्या. माईक नको, म्हणाल्या, तुम्ही जवळ या. "पण माझी शिष्या पावसात अडकली आहे. तंबोऱ्यावर बसणारं कोणी आहे का?"

"आमच्या वहिनी बसतील," मी बोलून गेलो. माझ्या तोंडाला कुलूप कधी नव्हतंच. वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं, आता या उठतील आणि सरळ घरी जातील.

त्या उठल्या. मंचापाशी जाऊन थबकल्या आणि मागे वळून कुजबुजल्या, "भाऊजी, पाय." घोट्यापर्यंत चिखल होता. तसल्या पायांनी तंबोऱ्याजवळ जायचं कसं? ताडपत्रीच्या कडेवरून पाण्याची धार पडत होती, तिच्याखाली उभं राहून त्यांनी पाय चोळचोळून धुतले. सगळं मैदान थांबून पाहत होतं. मग वर गेल्या, तंबोऱ्याला नमस्कार केला, कान लावून एकेक खुंटी हळूहळू फिरवत राहिल्या... आणि तारा अशा जुळल्या की गायिकांनी डोळेच मिटले.

पुढचं मला धड सांगता येत नाही. चिखलात बसलेली माणसं हलायची विसरली. ताडपत्रीवर पाऊस वाजत होता आणि त्याखालून तो स्वर आमच्यापर्यंत येत होता. गायिकांच्या मागे वहिनींचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी पुष्कळ गाणी ऐकलीत, पण अंगावर असा काटा कधी आला नाही. शेजारी दादा चिखलाच्या हातांनीच डोळे पुसत होता.

त्या दिवशी घरी येताच गवसणी निघाली. रोज सकाळी वहिनी तंबोरा जुळवायच्या. त्या स्वयंपाकघरात गेल्या की दादा मुद्दाम एखादी खुंटी पिळून तार छेडायचा, आणि चमचा वाजला की लहान पोरासारखा हसायचा.

परवा सकाळी त्याच्याकडे गेलो. दादा तंबोऱ्यापाशीच बसला होता. त्याने खुंटी पिळली, तार छेडली आणि स्वयंपाकघराकडे कान लावून बसला. पुन्हा छेडली... मी खांद्यावर हात ठेवला.

"इतकं बेसूर वाजवून राहिलो गा," तो म्हणाला, "तरी चमचा वाजून नाही राहिला."