गप्प बसल्याचे गुण

माझी अक्का बीदरला एका विमा कंपनीच्या कॉल सेंटरात होती. मराठी, कन्नड, दखनी, औरादकडचा फोन असला तर कामापुरती तेलुगूही. समोरचा कितीही भडकलेला असो, ती ‘अण्णा, अप्पा’ करत त्याला खाली आणायची. मग कंपनीनं एआय बसवलं. ते प्रत्येक कॉल ऐकायचं आणि फोन घेणाऱ्याला माया किती, याचे गुण द्यायचं. माया मोजणारं मशीन! मी मोर्च्यांची पत्रकं लिहिणारा माणूस, मला तिथंच मथळा सुचला. अक्का म्हणाली, “तुझं पत्रक ऱ्हाऊ दे. नोकरी ऱ्हाऊ दे माझी.”

तिच्याकडं मयताचे दावे यायचे. चिंताकी गावच्या एका म्हाताऱ्याचा फोन आला. बायको वारलेली. माहिती सांगता सांगता तो रडायला लागला. अक्का गप्प बसली. आमच्याकडं मयताच्या घरी हेच करतात. जाऊन बसायचं, बोलायचं नाही, उठताना ‘येतो’सुद्धा म्हणायचं नाही. रडून झाल्यावर म्हातारा म्हणाला, “बाई, हाईस का?”

“व्हय अप्पा, इथंच हाय.”

मशीननं शेरा मारला: दीर्घ शांतता, सहानुभूती नाही.

असे शेरे साठत गेले आणि नोकरीवर आलं. मी तिच्यासोबत मॅनेजरसाहेबांकडं गेलो. साहेब आमच्याच भागातले. भिंतीवर ‘भावनिक बुद्धिमत्ता’ प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट. त्यांनी म्हाताऱ्याचा तो कॉल लावून ऐकला, चष्मा काढून डोळे पुसले.

“बरोबर केलीस अक्का. माझी आई गेली तवा लोक असंच बसले होते.”

“मग गुण वाढवा की,” मी म्हणालो.

“माझ्या हातात न्हाई. वरून यायलंय.”

“वर कोण हाय?”

“मला बी ठाव न्हाई. स्क्रीनवर यायलंय.”

“मग तुम्ही कामून बसलाव इथं?”

साहेब चिडले नाहीत, धाकट्या भावाला सांगावं तसं म्हणाले, “मला बी गुण पडतेत, तम्मा. टीमला समजून घेतल्याचे.”

त्यांनीच तिला एक वाक्य शिकवलं: ‘आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.’ पुढच्या कॉलला अक्कानं ते म्हटलं. पलीकडची विधवा बाई म्हणाली, “माणूस हाईस का मशीन गं?” त्या कॉलला अक्काला सगळ्यात चांगले गुण पडले. तिनं ते वाक्य परत उच्चारलं नाही.

महिनाअखेरीला नोकरी गेली. निरोप मोबाईलवर आला, भाषा फार प्रेमळ होती.

मी पत्रक लिहायला बसलो. ‘मुर्दाबाद’ लिहिलं, पण त्याच्या आधी कुणाचं नाव घालावं ते कळेना. साहेबाचं? त्या माणसाला तर सगळं कळलेलं होतं.

रविवारी तेच साहेब घरी आले. अक्कानं चहा ठेवला. ते चटईवर बसले, तीही समोर बसली. मीही पत्रक बाजूला ठेवून बसलो. चहावर साय धरली. बऱ्याच वेळानं साहेब उठले, चपला घातल्या आणि काही न म्हणता निघून गेले.