मालागाच्या देवीची ओटी

स्पेनमधल्या मालागा गावात माझ्या सासूबाईंनी देवीची ओटी भरली आणि त्या ओटीत आमच्या घरातले चारही पासपोर्ट गेले. यात सासूबाईंची काहीही चूक नव्हती. चूक कोणाची होती ते पुढे कळेलच. तोवर मला थोडी सहानुभूती मिळाली तर बरं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही वॉटफर्डला राहत होतो. नवरा श्रीकांत कौन्सिलमध्ये रस्त्यांचा इंजिनीअर, मी एका केमिस्टच्या दुकानात फार्मासिस्ट, मुलगी तेजल बारा वर्षांची. त्या वसंतात चिपळूणहून सासूबाई पहिल्यांदाच आमच्याकडे आल्या होत्या. (सासरे आले नाहीत. झाडावर आंबा असताना विलायतेला जाणारा माणूस त्यांच्या मते डोक्यानं अधू असतो.) ईस्टरच्या सुट्टीत आमचे सगळे शेजारी स्पेनला उन्हात लोळायला जात. सासूबाईंना उन्हाचं काय कौतुक? ते त्या चिपळूणला मुबलक सोडून आल्या होत्या.

"आपण बीचवर लोळायचं नाही," श्रीकांतनं जाहीर केलं. "आपण हिस्टरी बघायची. फिनिशियन, रोमन, अरब, सगळे त्या गावात राहून गेलेत."

"सगळे गेले ना? मग आपण तरी कशाला जायचं?" सासूबाई म्हणाल्या.

पण आम्ही गेलो. श्रीकांतनं लायब्ररीतून एक जाडजूड गाईडबुक आणलं होतं आणि ते तो पोथीसारखं दोन्ही हातांवर धरून वाचत चाले. माझ्याकडे एकच खातं होतं: पासपोर्ट. हॉटेलवरच्या टूर कंपनीच्या मुलीनं पहिल्याच दिवशी सगळ्यांना बजावलं होतं की ईस्टरच्या आठवड्यात इथे पाकीटमार फार, पासपोर्ट जिवापाड सांभाळा. सासूबाईंचा पासपोर्ट तर भारतीय. त्यांच्या व्हिसासाठी आम्ही ब्रिटिश आणि स्पॅनिश अशा दोन्ही वकिलातींचे उंबरठे झिजवले होते. तो हरवला असता तर त्यांना ना वॉटफर्डला परत येता आलं असतं, ना चिपळूणला जाता आलं असतं. सासरे आंब्याच्या राशीत आणि सासूबाई मालागात!

मी डोकं चालवलं. चोर पर्स मारतो, पाकीट मारतो. ब्लाउजपीस कोण मारणार? सासूबाईंनी येताना माझ्यासाठी लाल काठांचा हिरवा खण आणला होता. तो मी शिवला नव्हता, पण सोबत घेतला होता. त्याच्या घडीत चारही पासपोर्ट घातले, वर पिन लावली आणि खण सासूबाईंच्या कापडी पिशवीत तळाशी ठेवून दिला. त्या पिशवीत चिवडा, कुंकवाचा करंडा, हळकुंडं आणि देवळात रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून मूठभर तांदूळ एवढंच असे. स्पेनमधला कुठलाही चोर त्या पिशवीकडे ढुंकूनही बघणार नाही अशी माझी खात्री होती.

सासूबाईंना मात्र मी हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी ती पिशवी पोटाशी इतकी घट्ट धरली असती की आंधळ्या चोरालाही कळलं असतं! (माझी हुशारी ही अशी सर्व बाजूंनी विचार करणारी असते.)

शेवटच्या दिवशी श्रीकांतनं उरलेलं सगळं गाव उरकायला काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमचं विमान होतं. आधी अल्काझाबा, म्हणजे अरबांनी बांधलेला किल्ला. तटबंद्या, कमानी, कारंजी, संत्र्यांची झाडं.

"आई, हा अकराव्या शतकातला!"

"आमचा चिपळूणचा गोवळकोट किल्ला काय कालचा आहे?" सासूबाई धापा टाकत म्हणाल्या. "तो तर मी खालूनच बघते."

मग त्याच्याही वर हिब्राल्फारोचा गड. तिथून बंदर दिसलं, जहाजं दिसली, बैलांच्या झुंजीचं गोल मैदान दिसलं. मैदान कशाचं ते कळल्यावर सासूबाईंनी तिकडे पाठ फिरवली आणि गड उतरायला लागल्या. मग कथीड्रल. त्याला एक मनोरा आहे आणि दुसरा अर्धवट.

"पैसे संपले म्हणून राहिला. शेकडो वर्षं तसाच आहे," श्रीकांतनं वाचून दाखवलं.

"आपल्या वॉटफर्डच्या मागच्या खोलीसारखं झालं म्हणायचं," सासूबाई म्हणाल्या. श्रीकांतनं पुस्तक मिटलं. ती खोली तो स्वतः बांधत होता.

कथीड्रलच्या बाहेर आलो तर रस्ता माणसांनी फुललेला. ताशे, बिगुल, धूप. पुढे उंच टोकदार टोप्या घातलेली माणसं, चेहऱ्यावर बुरखे, हातात मेणबत्त्या. तेजल मला चिकटली.

"ममी, हा लोक कोण आहे? स्केअरी आहे!"

"घाबरू नको गं," आजीच्या चेहऱ्यावर त्या आठवड्यात पहिल्यांदाच तेज आलं होतं. "शिमग्याची सोंगं आहेत. मागून पालखी येत असणार बघ."

आणि खरंच आली! अहो, पालखी कसली, माळ्यासकट घरच म्हणा. शेकडो माणसांच्या खांद्यांवर चांदीचा भलामोठा चौथरा, त्यावर पांढऱ्या फुलांचे डोंगर, आणि मधोमध जरीचा शेला पांघरलेली, मुकुट घातलेली, गालांवर अश्रू असलेली देवी. घंटा वाजली की खांदेकरी थांबत. पुन्हा वाजली की उचलत आणि तालावर डोलत पुढे सरकत.

"नाचवतायत!" सासूबाई हरखल्या. "अगदी आपल्यासारखी नाचवतायत! पण आई का रडतेय?"

"तिचा मुलगा गेला, आई," मी म्हटलं. सासूबाईंनी डोक्यावरून पदर घेतला. त्यांचा थोरला मुलगा लहानपणीच गेला होता, हे मला त्यानंतर आठवलं.

तेजलला आइस्क्रीम हवं होतं म्हणून मी तिच्याबरोबर रांगेत गेले. श्रीकांत एका कमानीखाली उभा राहून ती रोमन की अरब हे पुस्तकात शोधत होता. आम्ही परत आलो तेव्हा सासूबाई कठड्याशी उभ्या होत्या, कृतार्थ चेहऱ्यानं. पिशवी हातात सपाट लोंबत होती.

"झालं बाई. ओटी भरून आले."

"कोणाची?"

"कोणाची म्हणजे? देवीची. दारावरून पालखी चाललीय आणि सवाष्णीनं नुसतं टकामका बघायचं? तो काय कोपऱ्यावर नारळवाला. कातळ्या विकत होता. मी अख्खा मागितला. शेंडी नव्हती, पण परक्या मुलखात चालवून घ्यायचं. पालखी थांबली तेव्हा घंटेवाल्या बाबाच्या हातात दिलं सगळं. त्यानं नीट देवीच्या पायाशी ठेवलं हो."

"सगळं म्हणजे?"

"नारळ, तांदूळ, हळकुंड आणि तुझा खण." सासूबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती, पण हा हात पहिल्यांदाच फिरत होता. "मला न सांगता पिशवीत ठेवलास ना? मी म्हटलं, सून विलायतेत राहिली, पण रीत विसरली नाही. खण जरा जाड लागला हाताला. म्हटलं, दुपदरी असेल."

माझ्या हातातलं आइस्क्रीम पायावर पडलं. मी घरात श्रीकांतला अरे-तुरे करते, पण सासूबाईंसमोर कटाक्षानं 'अहो' म्हणते. त्या दिवशी अख्ख्या मालागानं ऐकलं.

"अरे श्रीकांत! गाढवा, पळ!"

पालखी तोवर वळणापलीकडे गेली होती. आम्ही चौघं गर्दीतून सुटलो. पुढे मी, मागे पुस्तक छातीशी धरून श्रीकांत, त्यामागे तेजल आणि नऊवारीचा काष्टा आवरत सासूबाई. ("अगं पण झालंय काय? दुसरी देवी आहे का पुढे?") धावता धावताही श्रीकांतला राहवेना.

"हे डावीकडे जे आहे ना, ते..."

"श्रीकांत!"

"नंतर सांगतो!"

त्यानं बुरखेवाल्या एकाला गाठून इंग्लिशमध्ये, मग हातवाऱ्यांनी, मग पुस्तकाच्या मागच्या पानावरच्या स्पॅनिशमध्ये मदत मागितली. त्या पानावर फक्त सूप गार असल्याची तक्रार करायची सोय होती. बुरखेवाला गप्प. दुसरा गप्प. तिसराही गप्प.

"काय माणसं आहेत! साधं उत्तर देत नाहीत!" श्रीकांत वैतागला. (त्यांचं मौनव्रत असतं हे नंतर पुस्तकातच सापडलं.)

शेवटी घंटा वाजली, पालखी थांबली, आणि मला तो दिसला. देवीच्या पायाशी, पांढऱ्या फुलांत, शेंडी नसलेल्या नारळाशेजारी माझा हिरवा खण. दोन हातांवर! मी मागचापुढचा विचार न करता पालखीभोवतीच्या दोरीखालून वाकून आत शिरले, चौथऱ्याच्या कडेला लोंबकळले आणि हात लांब केला.

देवीच्या अंगावर दागिने किती होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. बाकी सगळ्यांच्या आलं. कोणीतरी किंचाळलं, खांदेकऱ्यांनी मला खाली ओढलं आणि एका पोलिसानं माझं मनगट पकडलं. ज्या गावात मी आठवडाभर चोरांना घाबरत होते, तिथे त्या दिवशी माझ्या डोळ्यांदेखत पकडली गेलेली एकमेव चोर मीच!

पोलिसानं करड्या आवाजात एकच शब्द उच्चारला, "पासापोर्ते!"

मी देवीकडे बोट दाखवलं.

त्यानं देवीकडे बघितलं, छातीवर क्रूस काढला आणि पुन्हा म्हणाला, "पासापोर्ते!" मी पुन्हा देवीकडे बोट दाखवलं. मी देवीला साक्षीला बोलावतेय असं त्याला वाटलं असावं, कारण त्यानं मनगट आणखी घट्ट धरलं. मला रडूच यायला लागलं. उद्याचं विमान, सासूबाईंचा व्हिसा, वॉटफर्डचं दुकान, सगळं त्या फुलांत पुरलं गेलं होतं.

तेवढ्यात सासूबाई पोचल्या. घंटेवाल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी त्यांना ओळखलं आणि वाकून नमस्कार केला. सासूबाई त्यांच्याशी शुद्ध चिपळुणी मराठीत बोलायला लागल्या.

"बाबा, माझ्या सुनेला सोडायला सांगा. ती चोर नाही हो, नुसती वेंधळी आहे." मग माझ्याकडे वळून, "काय हवंय तुला तिथलं?"

"आई, त्या खणात पासपोर्ट आहेत. चौघांचे."

सासूबाईंनी देवीकडे बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "पण देवीला दिलेलं परत घेत नाहीत."

"आई!" श्रीकांत ओरडला. "उद्याचं विमान आहे!"

"असेल. खण परत मागायला माझी जीभ रेटणार नाही." त्यांनी क्षणभर विचार केला आणि मग देवीसमोर उभं राहून पदर पसरला. "प्रसाद म्हणून काय देईल ते घेईन."

स्पॅनिश भाषेत पदराला शब्द असेल असं वाटत नाही. पण पसरलेला पदर त्या म्हाताऱ्या गृहस्थांना बरोबर समजला. मी मधे मधे पिन आणि पान उलटायच्या खुणा करत होते. त्यांनी वर हात घालून खण उतरवला, पिन काढली, घडी उलगडली. आतून तीन ब्रिटिश आणि एक भारतीय पासपोर्ट निघाले. पोलिसानं माझं मनगट सोडलं. म्हाताऱ्या गृहस्थांनी आमच्या चौघांच्या तोंडांकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा काही भाव उमटला की त्यांना काय वाटलं ते मला ताबडतोब समजलं: दूरदेशीची ही गरीब भाविक माणसं प्रवास सुखरूप व्हावा म्हणून कागदपत्रं देवीच्या चरणी वाहून गेली होती!

त्यांनी चारही पासपोर्ट एकेक करून देवीच्या शेल्याच्या काठाला लावले. मग एक पांढरं फूल वर ठेवून सासूबाईंच्या पदरात घातले. खण घडी करून पुन्हा जागेवर ठेवला. घंटा वाजली. पालखी उचलली गेली आणि माझा लाल काठांचा खण डोलत डोलत मालागाच्या गल्लीत दिसेनासा झाला.

"मला आधी सांगायचंस," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "पासपोर्ट देवीच्या पायाशी ठेवायचे तुझ्या मनात होते तर मी वेगळे दिले असते. केवढी श्रद्धा गं तुझी!"

खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण त्यांचा हात पुन्हा माझ्या पाठीवर फिरत होता. मी तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी ल्यूटनच्या विमानतळावर ऑफिसरनं सासूबाईंचा पासपोर्ट उघडला तेव्हा त्यातून तांदळाचे दाणे टपटप टेबलावर पडले. त्यानं व्हिसावरच्या हळदीच्या डागाकडे बघितलं, मग सासूबाईंकडे, मग माझ्याकडे. मी म्हटलं, "हॉलिडे." त्यानं शिक्का मारला.

पुढे काही वर्षांनी आम्ही चिपळूणला गेलो. पहिल्याच सकाळी शेजारचे सावंत दारात उभे. त्यांना मस्कतला नोकरी लागली होती आणि व्हिसा अडकला होता. त्यांच्या हातात पासपोर्ट, नारळ आणि नवा कोरा खण.

"वहिनी, काकूंनी सांगितलंय सगळं. तुमच्या हातानं ओटी भरली की कागद अडत नाहीत म्हणे."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या अभिमानानं माझ्याकडे बघत होत्या. मी श्रीकांतकडे पाहिलं. तो वर आढ्याकडे बघत होता. मी मुकाट्यानं तांदूळ मागवले.

महिन्याभरात सावंत मस्कतला पोचले. आता मी चिपळूणला गेले की अंगणात रांग लागते. वॉटफर्डला लोक माझ्याकडे प्रिस्क्रिप्शन घेऊन येतात आणि चिपळूणला पासपोर्ट. दोन्हीकडे मी एकच करते: गंभीर चेहऱ्यानं पुडी बांधते, हातात ठेवते, आणि गुण आला की श्रेय घेते.